उघाडीच्या आतल्या फळ्या

पेणच्या खाडीकाठच्या एका गावातली नूतन म्हात्रे १९९५ साली पेणच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं, आणि आता फिजिक्स इंग्रजीतून. पहिल्याच चाचणीत ती नापास झाली. तिचा थोरला भाऊ आदेश मिठागरावर जायचा. त्याने विचारलं, "अडतं कुठं?"

"शब्दांत अडतं. आन् शब्द समजले तरी उत्तर खोटं वाटतं."

कॉलेजातले फिजिक्सचे दिनानाथ सर शनिवारी शेवटच्या तासाला एक आकडेमोड नसलेला प्रश्न घालायचे. जुलैतल्या एका शनिवारी त्यांनी फळ्यावर दोन भिंती काढल्या. एक तळ्याचं पाणी अडवते, दुसरी समुद्राचं. खोली सारखी, पाणी स्थिर. कुठली भिंत जाड हवी? सगळा वर्ग म्हणाला, समुद्राची. सर म्हणाले, दोन्ही सारख्याच. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही.

नूतनला ते पटेना. तिचे वडील कान्हू जन्मभर खाडीचा बांध सांभाळत आलेले. तिने घरी विचारलं तर ते नुसते हसले. आदेश मात्र हसला नाही. त्याने रॉकेलचा रुंद डबा आणि तेलाचा उभट डबा आणला, दोन्हींना खिळ्याने एकाच उंचीवर भोकं पाडली आणि सारख्या पातळीपर्यंत पाणी भरलं. दोन्ही धारा अंगणात सारख्याच अंतरावर पडल्या. त्याने पुन्हा पाणी भरून पाहिलं.

"मंजी दर्या किती लांब पसरलाय ते बघायचं नाय," तो म्हणाला. "किती खोल हाय ते बघायचं."

त्या दिवसापासून नूतन दर शनिवारचा प्रश्न आदेशला सांगायची आणि दोघं मिळून तो सोडवायची. पुढच्या चाचणीत ती वर्गात तिसरी आली.

नारळी पौर्णिमेच्या उधाणात ते घडलं. शेतातलं पाणी ओहोटीला खाडीत सोडायला बांधातून एक नळ काढलेला असतो, त्याला उघाडी म्हणतात. खाडीच्या बाजूला तिला झडप असते. भरती आली की ती आपोआप मिटते. त्या दुपारी झडपेत लाकडाचा ओंडका अडकला आणि खारं पाणी भातात शिरू लागलं. आदेश खाडीच्या बाजूने पाण्यात उतरला. ओंडका त्याने काढला, पण झडप वाकली होती, ती मिटेना. तिला लाथ मारायला गेला तेव्हा त्याचा पाय मांडीपर्यंत नळात ओढला गेला.

कान्हूने हाक दिली तशी माणसं धावली. शेजारचा जनू पाण्यात उतरला, आणखी चौघे उतरले. काखेतून दोर घालून त्यांनी ओढलं. आदेश ओरडला, तेव्हा थांबले, मग पुन्हा ओढलं. पाणी छातीवरून गळ्याशी आलं. नूतन कॉलेजातून येऊन दप्तरासकट बांधावर उभी होती. कान्हूने मुलाचं डोकं दोन्ही हातांनी वर धरलं होतं. स्वतःच्या नाकातोंडात पाणी जाईपर्यंत त्याने ते सोडलं नाही. शेवटी जनूने कान्हूला मागे खेचलं.

ओहोटी लागल्यावर आदेशचा देह आपोआप सुटून वर आला.

दसऱ्यानंतर नूतन कॉलेजात परत गेली. तास संपल्यावर तिने सरांना गाठलं. "सर, सहा माणसांना एक पाय का ओढता येत नाही?"

सरांना सगळं ठाऊक होतं. ते हळूहळू बोलले. बाहेरचं पाणी खोल. नळातलं पाणी मोकळं वाहून जातंय, त्यामुळे आतून उलटा रेटा नाही. बाहेरचा सगळा भार त्या मांडीवर येतो, भाताची पोती रचावीत तसा.

"मग सोडवायचं कसं?"

सर म्हणाले, "उत्तर आहे. पण ते तू शोधू नयेस असं मला वाटतं."

तिने ते शोधलंच. दिवाळीच्या सफाईत घरामागची सिमेंटची टाकी ती रिकामी करत होती. पाणी तळाच्या भोकातून नळीने अंगणात जात होतं. त्या भोकावर फडकं चिकटून बसलं, ओढलं तर फाटायला लागलं. तेवढ्यात पलीकडे आईने, धोंडुबाईने, अंगणात चिखल होतो म्हणून नळीच्या तोंडात बोळा कोंबला. फडकं सुटून पाण्यात तरंगायला लागलं.

नूतन तिथेच खाली बसली. उघाडीचं शेताकडचं तोंड बंद केलं असतं तर नळातलं पाणी थांबलं असतं. दोन्हीकडचा दाब सारखा झाला असता आणि पाय सुटला असता. ते तोंड बंद करायच्या फळ्या बांधावरच पडलेल्या असत. सगळी माणसं मात्र खाडीच्या बाजूला ओढत होती.

चार दिवस गेले. मग वडील जेवून उठले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. कान्हूने मध्ये एकदाच विचारलं, "फळ्या लावल्या असत्या तर सुटला असता?"

"व्हय."

"त्या फळ्यांजवळच चपला काढल्या मी," तो म्हणाला. चुलीपाशी धोंडुबाई बसली होती. तिनेही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कान्हू गावच्या बैठकीत गेला आणि उभा राहून त्याने ते सांगितलं. उघाडीत कोण अडकला तर ओढत बसू नका, शेताकडून फळ्या लावा. लोकांनी ऐकून घेतलं. शेजारची सगुणा त्या संध्याकाळी धोंडुबाईला म्हणाली, "पोरगी एवढी शिकलेली, बांधावर उभी होती, तवा का नाय बोलली गो?" 

कान्हू पुन्हा बांधावर गेला नाही. वर्षभरात शेत अर्ध्या वाट्यावर, अर्धलीने देऊन तो बायको-मुलीला घेऊन रोह्याला गेला आणि एका कंपनीत कंत्राटावर लागला. शिफ्ट संपल्यावर रिक्षाथांब्याजवळच्या कट्ट्यावर बसून राहायचा, बोलवायला गेल्याशिवाय घरी येत नसे. नूतन रोह्याहून पेणच्या रामवाडी स्टँडपर्यंत एसटीने ये-जा करत बारावी झाली. फिजिक्समध्ये चांगले मार्क पडले. सरांनी पुढच्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला होता, तो तिने भरलाही.

रोह्याच्या भाड्याच्या खोलीत ती निकाल घेऊन आली तेव्हा धोंडुबाई तांदूळ निवडत होती. तिने कागद हातात घेतला, वाचता येत नव्हतं तरी बघितला आणि परत दिला.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. मग तांदळातला खडा बाजूला काढत म्हणाली, "पन तू ते शोधलं नसतंस ना, तर मी म्हणत राहिले असते, दर्यानं नेला माझा पोर. तेवढ्यावर मी जगले असते."

नूतनने सूप ओढून घेतलं आणि तिच्यासोबत तांदूळ निवडायला बसली.