खिडकीशी येणारी टकळी

वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका शाळेत शिकलेली सूतकताई पुन्हा शिकतायत. गॅलरीतून टकळी खाली सोडतात. हातभर सूत झालं की ते गुंडाळायचं, हे त्यांना मान्य नाही. "खाली तीन मजले मोकळे आहेत," म्हणतात.

त्यामुळे रोज चहाच्या वेळी टकळी माझ्या खिडकीशी येते आणि वरून हुकूम येतो, "अहो, जरा गिरकी द्या."

परवा माझ्या उजव्या हातात कप होता, म्हणून डाव्याने दिली. टकळी उलटी फिरली, पीळ उलगडला, सूत तुटलं. काका खाली आले, माझे दोन्ही हात निरखून म्हणाले, "आपल्यावर विसंबायला नको होतं."

काल टकळी न थांबता पहिल्या मजल्यावर गेली. मी चहा न घेता, उजवा हात बाहेर काढून उभा होतो.