पथारीवर न आलेले साहेब

नंदुरबारला मिरची वाळवायच्या मैदानाला आम्ही पथारी म्हणतो. तिथं भांडण झालं की दोन जाणते व्यापारी बोलावतात. ते ढिगात हात घालतात, एखादी मिरची कानाशी हलवून बिया वाजतात का ऐकतात आणि माल ओला की सुका ते तिथंच सांगून टाकतात. माझ्या वडिलांना, आप्पांना, न्याय ठाऊक होता तो एवढाच. म्हणून आमचा दावा कोर्टात लागला तेव्हा न्यायाधीश साहेब पथारीवर मशीन बघायला येणार, हे ते धरूनच चालले होते.

मशीन म्हणजे मिरची सुकवायचा ड्रायर, चेन्नईच्या एका कंपनीचा. दुसऱ्याच हंगामात तो पेटला. आप्पांचे धाकटे भाऊ, माझे काका, तो चालवत होते. मिरचीचा धूर त्यांच्या छातीत असा बसला की पुढचा हंगाम काही त्यांना दिसला नाही. कंपनीने कळवलं, चालवणारा झोपला होता. तेव्हापासून काकूने गल्लीत बाहेर बसणं सोडलं. आप्पांना भरपाईचं फारसं पडलेलं नव्हतं. भावाची चूक नव्हती, एवढं एका न्यायाधीशाच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं.

जळका ड्रायर त्यांनी ताडपत्री घालून तसाच ठेवला. भंगारवाल्याला फाटकातूनच हाकललं. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी ते तो कोपरा स्वतः झाडायचे. कोर्ट असं कुठं येत नसतं, हे मी वकिलांना विचारून त्यांना सांगितलंही. माल न बघता सांगणार कसे, असं त्यांनी मलाच विचारलं.

कोर्टात ड्रायरविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. कंपनीच्या वकिलाने कराराचं शेवटचं पान पुढे केलं. वाद झालाच तर फक्त चेन्नईच्या न्यायालयात. त्या बारीक इंग्रजी पानावर आप्पांनी पोत्यावर बसून, कंपनीच्या माणसाला चहा पाजत सही केली होती. दावा परत मिळाला, तिकडे जाऊन लावा म्हणून. माझं डोकं फिरलं. ड्रायर इथं, आग इथं, माणूस गेला इथं, आणि विचारणार तिकडे, जिथं आप्पांना साधं पाणी मागता यायचं नाही. आमचे वकील म्हणाले, हे कायद्यात बसतं. बसत असेल.

आप्पा कोर्टातून थेट पथारीवर आले. काकू मजूर बायकांबरोबर मिरचीचे देठ खुडत बसली होती. आप्पांनी ताडपत्री ओढून काढली, टोपी नीट केली आणि हात जोडून माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब," ते मला म्हणाले, "मन्हा भाऊ जागा व्हता. त्यानी बटन दाबं, पन मशीन बंद व्हयनी नही."

बायकांचे हात थांबले. काकू माझ्याकडे बघत होती. मी पुढचं काही विचारीन म्हणून आप्पा वाट बघत उभेच राहिले.

मला एवढंच म्हणता आलं, "आप्पा, घर चाला."