रेंज येईपर्यंत

कड्याजवळच्या आमच्या गावात मोबाइलला धड रेंज यायची ती पाण्याच्या टाकीखालीच. दुपारी शेळ्या बांधल्या की आम्ही चौघं तिथं बसून बंदुकांचा तो खेळ खेळायचो. नेम सगळ्यांचा यथातथाच. त्यात ऐन मोक्याला कुणाची तरी रेंज जायची आणि त्याचा गडी मैदानात खांबासारखा उभा राहायचा. खेळात मैदानाभोवतीचं वर्तुळ आवळत येतं, बाहेर राहील तो मरतो. शहाणे संघ अशा गड्याला सोडून आत पळतात. आम्ही मात्र त्याच्याभोवती उभे राहायचो आणि म्हणायचो, "हलू नको, आमी हाव." ज्याला हलताच येत नाही त्याला हे सांगण्यात काय अर्थ होता, देव जाणे. पण तसा रिवाजच पडला होता आणि त्यापायी आम्ही भरपूर मार खाल्ला.

एका दसऱ्यानंतर आष्टीच्या पोरांनी स्पर्धा भरवली, जिथं असाल तिथून खेळायची. नेमका त्याच दिवशी आमचा चौथा, नुकतंच लग्न झालेला, बायकोला घेऊन ऊसतोडीला निघाला. ट्रॉलीत संसाराच्या बोचक्यांवर बसून तो खेळत होता. आता उन्हाळ्यापर्यंत तो भेटणार नव्हता. जाता जाता त्याच्यासोबत एकदा तरी जिंकायचं, एवढंच आमच्या मनात होतं.

शेवटी आम्ही आणि आष्टीचा एक संघ उरलो. तेवढ्यात घाटात त्याची रेंज गेली.

वर्तुळ आवळत आलं. आम्ही तिघं उभेच. एकमेकांना काही विचारलंसुद्धा नाही. त्याची रेंज आली तेव्हा चौघंही मेलेलो होतो.

"कावून थांबले बे? पळायचं की," तो म्हणाला. हरलो होतो, पण त्या दिवसाइतकं भरून मला कधीच आलं नाही.

आता मी पुण्यात असतो. अनोळखी लोकांबरोबर खेळतो, एकेकाचा नेम असा की बघत राहावं. जिंकतोही. परवा लिफ्टमध्ये माझी रेंज गेली. परत आली तेव्हा माझा गडी गवतात एकटाच उभा होता, बाकीचे केव्हाच पुढे गेलेले. त्यांचं काही चुकलं नाही, खेळ तसाच खेळायचा असतो. तरी मला फार एकटं वाटलं.

खेळ बंद करून मी आमच्या चौथ्याला फोन लावला. तो उसाच्या फडात होता, मागे कोयते चालू होते. मी काही सांगायच्या आतच आवाज तुटायला लागला. फोन कट होता होता त्याचं एवढंच ऐकू आलं, "हलू नको, आमी हाव."