माळावरच्या आक्कांची घायपात

माळावरच्या आक्का अंगणातून चालताना घायपातीच्या पानापानाचं टोक बोटानं चाचपायच्या. घायपात बिनकाट्याची, पानं हाताला मऊ. तरी त्यांचा भरवसा नव्हता. "काट्याचं काय सांगावं, बाई? कवा उगवंल कळायचं न्हाई," म्हणायच्या.

मी आटपाडीकडच्या त्या गावात शाळेवर गेले, आणि त्यांच्या शेजारी राहायला लागले. त्यांची मुलगी चिमी आंधळी होती. लहानपणी शेरडामागं धावताना ती बांधावरच्या काटेरी घायपातीवर पडली. काटा एका डोळ्यात घुसला, पुढं दुसराही डोळा गेला. आक्कांनी पहार घेतली आणि बांधावरची सगळी घायपात मुळासकट काढली. मग विट्याच्या नर्सरीतून ही मऊ जात आणून दारापासून रस्त्यापर्यंत ओळीनं लावली. पानांवरून हात फिरवत चिमी एकटी रस्त्यापर्यंत जायची, गाणं म्हणत.

"हिला पानी नगं, नजर पायजे," आक्का सांगायच्या. पावसाळ्यात बुडाशी पाणी साचून झाड कुजू नये म्हणून स्वतः चर काढायच्या. बुडातून फुटलेली पिल्लं काढून घरामागच्या मुरमात लावायच्या.

एका पावसाळ्यात चिमी तापानं फणफणली. तिला सांगलीला नेलं, ती तिथंच गेली. अग्नीही तिथंच दिला, कृष्णेकाठी. आक्का एकट्याच परत आल्या.

नंतर हमरस्त्यावरचा एक हॉटेलवाला दारात शोभेला झाडं मागायला आला. त्याच्या मनात वाटेवरची मोठी झाडं भरली होती. "मागली कितीबी न्या," आक्का म्हणाल्या, "ही चिमीची हायती."

एकदा तिन्हीसांजेला मी ताक मागायला गेले. माझा पदर पानांना घासला. आतून आवाज आला, "चिमे, आलीस व्हय?"

मी तशीच उभी राहिले. आक्का लगबगीनं दारात आल्या, मला पाहिलं, आणि ताक आणायला आत वळल्या.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. सांगलीत राहणारा त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. त्या जीपमध्ये बसल्यावर मी फाटक ओढून कडी घालायला लागले, तशा त्या आतून ओरडल्या, "आवं बाई, कडी नगा घालू! तिला घावायची न्हाई ती."

मुलानं मान खाली घातली आणि जीप चालू केली.

आता आवारात गावची शेरडं शिरतात. मी त्यांना हुसकून बाहेर काढते, आणि फाटक उघडं ठेवून घरी येते.