आष्टीचं पाणी

लेक तीन वर्षांची झाली तेव्हा आमच्या घरात एकच चर्चा असायची. हिच्या अंगाला हे येतंय कशानं? कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागं, मानेच्या घडीत लाल चट्टे. ती खाजवायची, मग तिथं पाणी सुटायचं, खपली धरायची, आणि खपली धरली की पुन्हा खाज. गावात त्याला इसब म्हणतात. नाव मिळालं की आजार कळला असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कुठल्याही गोष्टीचं ‘कावून’, म्हणजे ती का होते ते, कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. बायको म्हणायची, तुमच्या पोटात भाकरीपेक्षा प्रश्नच जास्त.

माजलगावजवळ दिंद्रुडला आमचं किराणा दुकान. दुकान म्हणजे आबा, माझे वडील. कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून सकाळी गादीवर बसले की दिवेलागणीपर्यंत उठायचे नाहीत. तो काळ नव्या मालाचा. टीव्हीवर रोज एक नवी बाई नव्या साबणानं न्हायची आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तोच साबण मागायला दारात. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, कपड्यांच्या पावडरी निळ्या-हिरव्या झाल्या होत्या. कंपनीची माणसं मोटारसायकलवरून यायची आणि माल दाखवताना घरासाठी साबणाची एक वडी फुकट ठेवून जायची. आबांचा बाणा असा, की आपल्या न्हाणीत जे चालत नाही ते दुसऱ्याच्या न्हाणीत पाठवायचं नाही. “आबा, तुमच्या घरी हाच हाय का?” असं बायका विचारायच्या, आणि आबा छातीवर हात ठेवून “नातीला हाच लावतो” म्हणायचे. त्यावर माल खपायचा.

कारणं सांगायला सगळं गाव पुढं. कुणी म्हणालं अंगात उष्णता. कुणी म्हणालं खरूज आहे, गंधक चोळा. आम्ही गंधक चोळला आणि पोरगी अशी किंचाळली की शेजारची म्हैस दावं ओढायला लागली. एका म्हातारीनं माझ्या बायकोला सगळ्यांसमोर विचारलं, पोटुशी असताना वांगी खाल्लीस का? आता मराठवाड्यात वांगी न खाता नऊ महिने काढलेली बाई मला दाखवा. पण त्या दिवसापासून बायकोनं स्वतःलाच दोषी धरलं. पोरीचं आधी वांगं बंद झालं, मग शेंगदाणे, मग दूध, मग बाजरी. शेंगदाणे म्हणजे आमच्याकडच्या लेकरांचा खाऊ. खिशात नाहीत असं पोर सापडायचं नाही. आमची पोरगी दुकानातल्या शेंगदाण्याच्या पोत्याला हात लावून उभी राहायची. बरगड्या दिसायला लागल्या, चट्टे होते तसेच.

पोरीला कपिलधारला देवाच्या पायावर घालायला नेलं. धबधब्याच्या कडेला बायकोनं तिला पाण्यात उभं केलं तर ती खुदकन हसली आणि बराच वेळ अंगाला हात लावला नाही. बायको म्हणाली, देव पावला. मी म्हणालो, पाणी गार आहे म्हणून बरं वाटलं असेल. बायकोनं देवळासमोर माझ्याकडं जे पाहिलं ते अजून आठवतं. परत आलो तशी खाजही परत आली.

मग उन्हाळ्यात मेव्हण्याचं लग्न निघालं. बायको पोरीला घेऊन आष्टीला माहेरी गेली आणि महिनाभर राहिली. मी आणायला गेलो तर पोरीचे कोपरे बघतच राहिलो. चट्टे फिके पडलेले, खपल्या गळालेल्या, मानेवर नुसती सावली. गालसुद्धा भरलेले. सासूबाईंचा चेहराच बोलत होता. आम्ही दिंद्रुडला आलो आणि आठवडा सरायच्या आत पोरगी पुन्हा रक्त निघेस्तोवर खाजवायला लागली.

सासूबाईंचा निरोप आला. “जावईबापू, राग मानू नका. लेकराला तुमचं पाणी मानवत न्हाई. माझ्याजवळ राहू द्या. शाळंला बी हिकडंच घालू. दिवाळी झाली की मी न्यायला येते.” आबा निरोप ऐकून म्हणाले, “बरोबर हाय त्येंचं. पोरगी जगली पायजे. कुटं का असंना.” बायको चुलीपाशी बसली होती. ती त्या दिवशी जेवलीच नाही. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना, कारण दोघंही खरंच बोलत होते. एकुलती एक लेक, आणि ती आमच्या घरात राहिली तर सोलून निघते.

पाणी, तर पाणी. मी ठरवलं, पोरीला पाण्याकडं पाठवण्यापेक्षा पाणीच पोरीकडं आणावं. तेलाचे दोन रिकामे डबे सोड्यानं खळखळून धुतले आणि आष्टी गाठली. पाऊस लांबला होता. सासूबाईंच्या आडाचा तळ दिसत होता, तरी त्यांनी नातीसाठी डबे भरून दिले. एसटीत डबे चढवताना कंडक्टर ओरडला, “काय बे, माजलगावकडचा माणूस आष्टीहून पाणी नेतो? धरण फुटलं का तुमचं?” सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण डब्यांवरचा हात काढला नाही.

घरी ते पाणी बंबात तापवलं. बायकोनं पोरीला पाटावर बसवलं, आबांनी त्या आठवड्यात आलेली गुलाबी वडी काढून दिली, आणि भरपूर फेस करून, चोळून चोळून आष्टीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. डबे संपेपर्यंत रोज. काही फरक पडला नाही, उलट पाठीवर नवीन चट्टा आला. मी रिकाम्या डब्याकडं बघत बसलो. पाणी तेच, पोरगी तीच, मग चुकतंय काय?

शेवटी बीडला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मला वाटलं होतं त्या आधी खाण्याचं विचारतील. त्यांनी विचारलं, घरात कुणाला दमा आहे का? कुणाला सकाळी शिंकांची माळ लागते का? दमा आबांना, शिंका मला. बायकोनं हळूच विचारलं, “वांग्यानं न्हाई ना झालं?” “वांग्याचा काय संबंध?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काही लेकरांची कातडी जन्मतःच कोरडी असते. ओलावा टिकत नाही, आणि बारीकसारीक गोष्टी तिला टोचतात. हे घराण्यात चालत येतं. एक कारण सापडेल आणि सगळं मिटेल, असं या आजारात नसतं.” बायको ढसाढसा रडली. मी तिला इतकं मोकळं रडताना लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मग मी आष्टीत आजीकडं पोरगी महिनाभरात साफ झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आंघोळीचं विचारलं. बायको डोळे पुसून जरा अभिमानानंच म्हणाली, “लई स्वच्छ ठेवतो आमी. दोन टाइम. कडक पाणी, रगडून साबण. दुकानात नवा आला की नवा.”

“आणि आजीकडं?”

“तितं कुटलं आलं पाणी?” बायकोला हसू आलं. “तांब्या-दोन तांबे अंगावर घेतले की झालं. साबण लावला तर धुवायला पाणी कुटून आणायचं?” असं म्हणाली आणि तिथंच थांबली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मी तर वळसा एसटीनं घातला होता, दोन डबे घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते करायला सोपं आणि टिकवायला कठीण होतं. कोमट पाणी, थोडा वेळ. वासाचा साबण बंद. अंग रगडून पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि ओल आहे तोवर डबीतल्या पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. औषधी मलम फक्त लाल चट्ट्यावर आणि त्या सांगतील तेवढेच दिवस. नखं कापलेली, कपडे मऊ सुती आणि पावडर पूर्ण निघेपर्यंत खंगाळलेले. धनगराकडून घेतलेल्या घोंगडीवर पोरगी आबांजवळ बसायची, लोकर टोचते म्हणून तिथं धोतराची घडी अंथरायची. शेंगदाणे, दूध, भाकरी सगळं सुरू. खाऊन काही त्रास झालेला आम्ही डोळ्यानं पाहिला नव्हता, नुसतं ऐकून खाणं बंद केलं होतं.

आबांना सांगणं माझ्याकडं आलं. साबणाचं ऐकून ते आधी मानायलाच तयार नव्हते. “सगळा गाव लावतो. गावाला का व्हईना?” प्रश्न चांगला होता, माझ्याच घराण्यातला. मी म्हणालो, गावाला तुमचा दमा नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, “म्हंजी हे माझ्याकडून आलंय व्हय तिला?” मला वाईट वाटलं. दोष नाही आबा, कातडी आलीय, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यानंतर कंपनीची वडी आली की आबा ती परसात नेऊन स्वतःच्या दंडाला फासायचे, वास घ्यायचे, आणि गिऱ्हाईकाला सांगायचे, “मी लावलाय. नातीला लावत न्हाई.” दोन-तीन बायकांनी घाबरून साबण परत ठेवला. आबांनी ठेवू दिला.

दसऱ्यापर्यंत पोरीचे कोपरे आष्टीच्या वेळेइतके साफ झाले. मला वाटलं, जिंकलो. पी हळद अन् हो गोरी! दिवाळी सरली, वारा सुटला, थंडीनं ओठ फुटायला लागले आणि एका सकाळी गुडघ्यामागं पुन्हा लाली. आम्ही काही सोडलं नव्हतं. साबण नव्हता, घोंगडी नव्हती, जेली दोनदा लागत होती. मी दिवसभर शोधत बसलो, काय चुकलं, कुणी काय लावलं. बायको म्हणाली, “आता पुरं करा. थंडी हाय. दुसरं काय न्हाई.”

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. नातीसाठी नवी पाटी आणली होती, शाळेत नाव घालायची बोलणीही करून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पोरीचा फ्रॉक वर करून गुडघे पाहिले. “बघ. म्हणलं न्हवतं?” आबा गादीवरून उठून आत आले आणि दाराशी उभे राहिले. मी तोंड उघडलं, कारणं सांगायला माझ्याकडं आता भरपूर होती. बायकोनं मला हातानं थांबवलं.

“आई, तुज्याकडं बी थंडी असतीच की,” ती म्हणाली. “हे जाणार न्हाई इतक्यात. येईल, जाईल, परत येईल. ती पुरी बरी व्हायची वाट बघत बसले तर मला लेकरूच मिळायचं न्हाई. ती अशीच माज्याजवळ राहील.”

सासूबाई पदर खोचून खाली बसल्या, पोरीला मांडीवर ओढलं आणि हात पुढं केला.

“आन ती डबी. दाव मला, कसं लावतीस.”