‘अवेअर’ हा शब्द कोणाचा?

ती घटना मला आजही आठवते. फक्त तिच्यातलं एक वाक्य कोणाचं, हे आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहान स्टेशनवर मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. लाकडाच्या वखारीला आग लागली आणि आत झोपलेला रखवालदार भाजला. दोन दिवसांनी एका पबमालकाचा फोन आला: वखारीतून काढून टाकलेला एक कामगार आग लावल्याची बढाई मारतोय. त्याला आणलं, गप्प राहायचा हक्क आहे ही कायद्याची ताकीद दिली, चहा दिला. तासाभरात त्याने आग लावल्याचं कबूल केलं. चौकशीच्या खोलीत टेप अजून आले नव्हते. तो बोलायचा, मी लिहायचो. शेवटी जबाब वाचायला दिला, तर त्याच्या कपाळावर घाम. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. त्याने पानं उलटली आणि सही केली. शिक्षा जबर झाली ती त्यातल्या एका वाक्यामुळे: ‘रखवालदार आत असल्याबद्दल मी अवेअर होतो.’

काही वर्षांनी तुरुंगातून त्याचं पत्र आलं. अक्षर वेडंवाकडं, पण त्याचं स्वतःचं. मी भेटायला गेलो. त्याच्या शेजारी एक वयस्क कैदी बसला होता. तिथे कैद्यांनीच चालवलेला वाचनाचा वर्ग होता आणि हा त्याचा मास्तर.

“वरून मांजर-उंदराची पुस्तकं येतात, सर,” मास्तर म्हणाला. “मोठ्या माणसांना लाज वाटते. मी सांगतो, आपापल्या केसचे कागद आणा. ते सगळे मन लावून वाचतात.”

म्हणजे मी लिहून घेतलेला जबाब हेच या माणसाचं पहिलं क्रमिक पुस्तक.

त्या कामगाराने जबाबातल्या ‘अवेअर’वर बोट ठेवलं. “हा शब्द मी मागच्या महिन्यात शिकलो. तेव्हा कसा बोललो असेन?”

“मग सही का केलीस?”

“वाचता येत नाही हे सांगण्यापेक्षा सही सोपी वाटली.”

मी चिडलो. कोणावर, ते कळेना. शब्द माझाच होता, यात शंका नाही. पण मग तो काय म्हणाला होता? ‘तो तिथेच झोपतो’ म्हणाला, की नुसती मान हलवली?

घरी बायको म्हणाली, “अहो, त्याच्या वकिलांना बघू दे ना. तुमचं पेन्शन अजून व्हायचंय.” दोन दिवस घोळ घातला आणि मग तो शब्द माझा असल्याचं लेखी दिलं. वरिष्ठांनी बोलणं टाकलं. अपिलात त्याची शिक्षा कमी झाली.

माणूस एक वेळ गुन्हा कबूल करेल, अडाणीपणा कबूल करणार नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुढे प्रत्येकाला जबाबाची पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावत गेलो. पण माझा घोळ मिटला नाही. तो सुटल्यावर एकदा बाजारात भेटला, तेव्हा न राहवून म्हटलं, “आता तरी सांग. रखवालदार आत आहे हे तुला माहीत होतं ना?”

त्याने उलट मलाच विचारलं, “तेव्हाही तुम्ही असंच विचारलं होतं का, सर?”

जबाबात फक्त उत्तरं असतात. माझे प्रश्न मी कुठेच लिहिले नव्हते.