शेवटच्या हुकावरची पट्टी

माझ्या बापाला मी सदतीस वर्षं भिंतीवर टांगून ठेवलं होतं.

आज सकाळी ते गेले. काळाचौकीच्या त्याच खोलीत.

'देवमाणूस गेला' असे मेसेज येतायत. कृपा करून तसं लिहू नका. देवमाणूस वगैरे काही नव्हते. सूड घ्यायचे, तोही हसतमुखाने. आणि मी त्यांचीच मुलगी.

ब्याऐंशीचा संप. बाबा गिरणीत कापड विणायचे. मी सहावीत.

कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी 'कायमचं कॅलेंडर' करायला सांगितलं. एकदा केलं की दरवर्षी तेच चालतं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर निळा घोटीव कागद, गव्हाच्या पिठाची खळ आणि पाच हुक. वारांच्या सात पट्ट्या, महिन्यांच्या बारा, तारखेच्या दोन हुकांसाठी आकडे. रोज सकाळी पट्टी बदलायची.

पाचवा हुक ही माझी आयडिया. बाबांच्या ड्यूटीसाठी. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. एका खोलीत कोण कधी झोपणार, कधी आवाज करायचा नाही, सगळं त्यावरच ठरायचं. बाईंनी माझं कॅलेंडर वर्गात फिरवून दाखवलं.

पण संपाला आठ महिने झाले होते. पाळी कसली लावणार?

त्याच आठवड्यात एक मैत्रीण घरी आली. तिचे वडील सरकारी नोकरीत. भर दुपारी बाबा बनियनवर खाटेवर पडलेले. जाताना तिने जिन्यात विचारलं, "तुझे बाबा रोज असेच घरी असतात?"

मी वर आले. उरलेला पुठ्ठा कापला आणि चौथी पट्टी लिहिली. काळ्या शाईत, वळणदार.

'रिकामा'.

आणि पाचव्या हुकावर लावली.

अकरा वर्षांची होते, पण अर्थ चांगला कळत होता. लागावं म्हणूनच लिहिलं होतं.

संध्याकाळी बाबांनी वाचलं. आईचा हात माझ्यावर उठला होता, तो त्यांनी वरच्यावर धरला.

"कोणी लिहिलं गो?"

"मी."

"अक्षर झकास आलंय."

बस. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की ते स्वतः वार बदलायचे, तारीख बदलायचे. पाचव्या हुकाला मात्र हात लावायचे नाहीत.

संप कुणी मागे घेतलाच नाही, आणि गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. पुढे ते शिवडीला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले. आई म्हणाली, "आता तरी काढा ती. कामाला जाताय ना?"

"जिने लावली ती काढेल."

मी मोरीत भांडी घासत होते. ऐकलं आणि मनात म्हटलं, बसा वाट बघत.

मला बघायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, मुलीला हस्तकला वगैरे काही येते का. बाबा उठलेच.

"हे तिने केलंय. अक्षर बघा."

त्यांनी वार वाचून दाखवला. तारीख वाचली, महिना वाचला. मग पाचव्या हुकावर बोट ठेवून अगदी प्रेमाने म्हणाले, "आणि हा मी."

पाहुणे पोहे चघळत राहिले.

नकार आला. पट्टीमुळे नसेलही आला, पण मला तेच कारण हवं होतं. दोन महिने मी बाबांशी बोलले नाही. पट्टीही काढली नाही. उलट स्टुलावर चढून तिच्यावरची धूळ पुसली, त्यांच्यादेखत.

नंतर माझं लग्न झालं, मी वडाळ्याला आले. काही वर्षांनी आई गेली. मी दर रविवारी बाबांकडे जायचे. डाळभात, माशाचं कालवण करून ठेवायचे. पट्टी तिथेच असायची, कडा काळ्या पडलेल्या. माझा हात पोचत होता. प्रत्येक रविवारी पोचत होता.

मग माझ्या कंपनीने आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. एचआरच्या मुलीने लेटर दिलं आणि विचारलं, "मॅम, पाणी हवंय का?" मी अठ्ठेचाळीस वर्षांची. नवऱ्याला सांगायची हिंमत नव्हती. टेबलावरचं सामान पिशवीत भरलं आणि सरळ काळाचौकीला आले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे.

"मंगळवार ना गो आज?"

"हो."

"नोकरी?"

"गेली."

ते उठले. भिंत धरत धरत कॅलेंडरपाशी गेले आणि पट्टी काढली.

मी ओळखलं. आता ही माझ्या हातात देणार. इतकी वर्षं ह्याच दिवसाची वाट बघत असणार. खरं सांगते, मी त्यांच्या जागी असते तर दिलीच असती.

"कातर दे."

मी दिली. पुठ्ठा जाड होता, कातर सारखी अडकत होती. मी मदत केली नाही, नुसती बघत उभी राहिले. त्यांनी तिचे बारीक बारीक तुकडे केले, मुठीत घेतले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"वायट शब्द हा. तुका नको."

स्वतःसाठी सदतीस वर्षं काढली नाही. माझ्यासाठी दोन मिनिटांत काढली.

तेव्हा मी पाया पडायला हवं होतं. निदान सॉरी तरी. मी म्हटलं, "चहा ठेवू?"

ते म्हणाले, "ठेव."

त्यानंतरही ते कितीतरी वर्षं होते. किती रविवार आले. मी एकदाही बोलले नाही.

आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "लहान होती हो, तिला काय कळतंय."

मी पुढे वीसची झाले. तीसची झाले, चाळीसची झाले. तेव्हा कळत होतं.

दुपारी तीनला चाळीतून निघणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी या. माझं सांत्वन करू नका.

बाबा, मी चुकले.

या आता.